पहिल्या पन्नास पानांतला माणूस

कुठल्याही गाजलेल्या गायकाचं आत्मचरित्र उघडा, पहिल्या पन्नास पानांत एक माणूस हमखास भेटतो. तो नायकाला गर्दीतून हुडकून काढतो, पहिला पगार देतो, सूट कुठे शिवावा ते सांगतो, वेळ पडली तर नायकाच्या आईची समजूतही घालतो. एकावन्नाव्या पानावर नायकाला मोठी संधी येते आणि हा माणूस पुस्तकातून नाहीसा होतो. पुन्हा उगवतो तो थेट शेवटी, ऋणनिर्देशात. वकिलाच्या खाली आणि कुत्र्याच्या वर.

एखाद्याच पुस्तकात असा माणूस आला असता तर आपण पान उलटून पुढे गेलो असतो. पण १९६०च्या दशकात लंडनमध्ये ज्यांनी गळे तापवले, त्यांच्या हकिकती वाचायला घेतल्या की दर पुस्तकात एकच इसम दाराच्या चौकटीतून वाकून आत येताना दिसतो. वाकून, कारण त्याची उंची ६ फूट ७ इंच. नाव जॉन बाल्ड्री. लोक ‘लाँग जॉन’ म्हणत. आपण जॉनराव म्हणू. इतक्या उंच आणि इतक्या टापटिपीच्या माणसाला अरेतुरे करायचं तर आधी मान फार वर करावी लागते, आणि तेवढ्यात उद्धटपणा ओसरतो.

जॉनरावांचा जन्म १९४१चा, ऐन बाँबवर्षावाच्या काळातला. वडील लंडनच्या पोलीस दलात शिपाई. मुलानं गळ्यात बारा तारांची गिटार अडकवली आणि मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत नि शिकागोच्या गुत्त्यांत वाढलेली कृष्णवर्णीयांची गाणी, म्हणजे ब्लूज, म्हणायला सुरुवात केली. आवाज असा खर्जातला आणि खरखरीत, की ऐकणाऱ्याला वाटावं, या गृहस्थानं उभा जन्म गोदीत ओझी वाहिली असणार. गाणं संपलं की तेच गृहस्थ कडक इस्त्रीच्या सुटात, तालेवार घराण्यातल्या इंग्रजीत श्रोत्यांचे आभार मानत. समोरचा श्रोता क्षणभर मागे वळून बघे, गाणारा कुठे गेला म्हणून.

पोलिसाचा हा मुलगा तरुणपणी रस्त्यावर वाजवताना पोलिसाच्याच तावडीत सापडला आणि कोर्टात उभा राहिला, ही हकिकत त्यांनी पुढे १९७१च्या आपल्या तबकडीवर सुरुवातीलाच सांगितली आहे. पैसे मोजून गाण्याची तबकडी आणलेल्या माणसाला पहिली तीनेक मिनिटं नुसती गोष्ट ऐकवायची, याला हिंमत लागते. ती जॉनरावांच्यात होती. माणसं जमली की त्यांना आधी बसवायचं, रमवायचं, आणि मग गाणं. यजमानपण त्यांच्या हाडात होतं.

हे यजमानपण सुरू झालं एका ओलसर तळघरात. १७ मार्च १९६२ रोजी लंडनच्या पश्चिमेला, ईलिंग ब्रॉडवे स्टेशनसमोर, अलेक्सिस कॉर्नर आणि सिरिल डेव्हिस या दोघांनी ऱ्हिदम अँड ब्लूजचा क्लब उघडला. कॉर्नर गिटारवाले, डेव्हिसांचा पोटापाण्याचा धंदा मोटारींचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करण्याचा आणि आत्म्याचा धंदा माउथऑर्गन वाजवण्याचा. दोन्ही ते सारख्याच जोरानं करत. तळघरात गर्दी झाली की माणसांच्या श्वासाचं पाणी होऊन छतावरून ठिबकायचं. विजेच्या वाद्यांवर पाणी पडून वादकच परलोकी जाऊ नयेत म्हणून मंचाच्या वर एक कापड ताणलेलं असे. या कापडाखाली जॉनराव गात. किती वाकून, ते सांगायला नको.

आणि त्या कापडाखाली कोण कोण यावं? ढोलावर चार्ली वॉट्स नावाचा गंभीर चेहऱ्याचा तरुण. श्रोत्यांत मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स नावाचे दोन मित्र. भलतंच नाव घेऊन गिटार वाजवून जाणारा ब्रायन जोन्स. त्यांना मंचावर चढायला मिळत होतं. पुढे त्यांच्या मंडळीचं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. ती अजून संपायचं नाव घेत नाही.

त्या मंडळीच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमातही जॉनराव आहेतच. कॉर्नरांच्या बँडला बीबीसीवरून बोलावणं आलं. बीबीसीच्या खजिन्यातून जितक्या जणांचा मोबदला निघणार होता, तितक्यांत जॅगर बसत नव्हता. म्हणून १२ जुलै १९६२च्या रात्री, बाकीचे रेडिओवर वाजवत असताना, ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या मार्की क्लबात मुख्य गाणं जॉनरावांचं ठेवलं आणि मधल्या वेळात लोकांनी उठून जाऊ नये म्हणून जॅगर आणि त्याच्या मित्रांना वाजवायला लावलं. रोलिंग स्टोन्सचा जन्म असा जॉनरावांच्या मध्यंतरात झाला आहे.

लग्नात मांडव घालणारा एक माणूस असतो. खांब तो रोवतो, कनात तो बांधतो, पावसाची काळजी तो करतो. वऱ्हाड जेवून जातं, जोडपं फोटोत येतं, आणि हा दुसऱ्या दिवशी सकाळी सुतळी गुंडाळत उभा असतो. जॉनराव या जातीचे. फरक एवढाच, की मांडववाल्याला निदान आपण वर नाही हे माहीत असतं. जॉनरावांना दर वेळी वाटे, आज लग्न आपलंच आहे.

जानेवारी १९६४मध्ये सिरिल डेव्हिस वारले. वय अवघं ३१. त्यांच्या स्वतःच्या बँडची मंडळी जॉनरावांच्या गळ्यात पडली. त्यांनी तिचं ‘हूची कूची मेन’ असं नाव ठेवलं आणि कार्यक्रम चालू ठेवले. त्याच सुमाराची गोष्ट. थेम्स नदीतल्या ईल पाय नावाच्या बेटावरच्या जुन्या हॉटेलात गाणं झालं. बेटावर जायला पादचारी पूल आणि पुलावर जकात. कार्यक्रम आटोपून जॉनराव ट्विकनहॅम स्टेशनावर गाडीची वाट बघत उभे असताना फलाटाच्या दुसऱ्या टोकाकडून माउथऑर्गन ऐकू आला. जवळ जाऊन बघतात तर लोकर आणि कपडे यांचा एक ढिगारा बसला आहे आणि त्यातून नाक बाहेर आलेलं आहे. हे नाक म्हणजे रॉड स्टुअर्ट, वय एकोणिसाच्या आसपास.

इथे दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बरं वाजवतो पोरगा, आणि गाडीत बसला असता. जॉनरावांनी तिथल्या तिथे त्याला नोकरी देऊ केली. एवढ्यावर थांबले असते तर ते नुसते रसिक ठरले असते. ते मुलाच्या घरी गेले, आईला भेटले, मुलाची जबाबदारी माझी असं सांगून आले. सुटातला, शुद्ध बोलणारा, छताला टेकणारा हा माणूस पाहून त्या माउलीला वाटलं असेल, पोरगं बँकेत लागलं.

पोरग्याला मंचाची भीती वाटे. जॉनराव त्याला आपल्या आधी दोन गाणी म्हणू देत, मग तीन. मग लोक, विशेषतः मुली, ती तीन गाणी ऐकायला येऊ लागले. स्वतःच्या कार्यक्रमात स्वतःच्या आधी गाणाऱ्याला टाळ्या जास्त पडू लागल्या, तर जगरहाटीप्रमाणे त्याची गाणी कमी करतात. जॉनरावांनी त्याला पुढच्या बँडमध्येही बरोबर घेतलं. या बँडचं नाव ‘स्टीमपॅकेट’, म्हणजे टपालाची आगबोट, जन्म १९६५च्या उन्हाळ्यातला, आणि आयुष्य जेमतेम वर्षभराचं.

स्टीमपॅकेट हा प्रकार आता बघितला की हसावं की हळहळावं कळत नाही. एकूण माणसं सात. त्यांत गाणारे तिघं: जॉनराव, रॉड आणि ज्युली ड्रिस्कोल. चौथे ऑर्गनवादक ब्रायन ऑगर, ज्यांचा स्वतःचा बँड त्यात आख्खाच्या आख्खा सामील झालेला. म्हणजे सातांत चार पुढारी. उरलेल्या तिघांनी ऐकायचं कोणाचं, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही, आणि सुटायच्या आत शेवट आला.

ऑगर मूळचे जॅझ पियानोवाले, शिस्तीचे गृहस्थ. त्याच वर्षी यार्डबर्ड्स नावाच्या बँडच्या ‘फॉर युअर लव्ह’ या गाण्यात ऑर्गन वाजवायला ते स्टुडिओत गेले, तर तिथे ऑर्गनच नाही. कोपऱ्यात हार्पसिकॉर्ड पडलं होतं, दोनशे वर्षांपूर्वीच्या दरबारी संगीताचं वाद्य. ते वाजवून आले. गाणं तुफान गाजलं, आणि हे फारच बाजारू झालं म्हणत त्या बँडचा गिटारवाला रागावून निघून गेला. त्या रागीट मुलाचं नाव एरिक क्लॅप्टन. ऑगरांचा स्वतःचा हॅमंड ऑर्गन कपाटाएवढा आणि वजनाला दोनशे किलोंच्या घरातला. क्लब बहुधा तळघरात किंवा जिन्यावर. ऱ्हिदम अँड ब्लूजमधलं दुःख कुठून येतं, असं विचारणाऱ्यानं एकदा तो ऑर्गन जिन्यावरून चढवून बघावा.

ज्युली त्या आधी बँडच्या व्यवस्थापकाच्या कचेरीत काम करत होती. यार्डबर्ड्सना चाहत्यांची जी पत्रं येत, त्यांना उत्तरं देणं हे तिचं काम. दुसऱ्यांच्या चाहत्यांना वर्षभर गोड गोड लिहिल्यावर एखादीला वाटणारच, की त्यापेक्षा आपण गावं. ढोलावर मिकी वॉलर. गिटारवर व्हिक ब्रिग्ज. बेसवर रिकी ब्राउन. त्यांच्याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही, बेस वाजवणाऱ्यांना हा वाटा वंशपरंपरेनं मिळतो.

आणि व्यवस्थापक जॉर्जियो गोमेल्स्की. जन्म जॉर्जियातल्या तिफ्लिसचा, पुढे लंडनला येऊन स्थिरावलेले, अंगात उत्साहाची वाफ. रिचमंडच्या क्रॉडॅडी क्लबात रोलिंग स्टोन्सना त्यांनीच दर आठवड्याला उभं केलं आणि लोक जमवले. करारबिरार काही केला नाही. आपलीच पोरं, त्यात कागद कसला? १९६३मध्ये वडील गेले म्हणून गोमेल्स्की स्वित्झर्लंडला गेले, आणि परत येतात तोवर पोरांनी दुसऱ्या व्यवस्थापकाशी करार केलेला होता. पहिल्या पन्नास पानांत असे दोन गृहस्थ एकाच बँडला लाभले, हा स्टीमपॅकेटचा मान कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

कार्यक्रमाची आखणी झकास होती. आधी ऑगरांची वाद्यं, मग ज्युली अमेरिकेतल्या मोटाउनची गाणी म्हणणार, मग रॉड सोल गाणार, मग जॉनराव ब्लूज आणि गॉस्पेल, आणि शेवटी तिघांनी एकत्र आवाज चढवायचा. एका तिकिटात चार मैफली. लोक खूश होते. फक्त या गाण्याची तबकडी निघेना. ज्याचा त्याचा करार ज्याच्या त्याच्या कंपनीशी, आणि गोमेल्स्की धरूनही व्यवस्थापक एकाहून अधिक. रात्री खांद्याला खांदा लावून गाणारी माणसं कागदावर एकमेकांची प्रतिस्पर्धी. त्यामुळे इंग्लंडच्या क्लबांत ज्यांच्या नावावर गर्दी लोटली, त्या बँडची त्या वर्षात एकही रीतसर तबकडी नाही. तालमीची म्हणून जी टेप केली होती तीच पुढे, सगळे गाजल्यावर, बाजारात आली. ती ऐकताना सात जणांच्या चुका फार स्वच्छ ऐकू येतात, आणि मजाही.

१९६६च्या सुरुवातीला रॉड गेला. त्यानंतर जॉनरावही गेले. मांडव उभा असताना यजमानच निघून जातो, असा प्रकार क्वचित घडतो. पण जॉनरावांना तेवढ्यात दुसरीकडे खांब रोवायचे होते.

रॉड तिथून गेला तो ‘शॉटगन एक्सप्रेस’ या बँडमध्ये. त्याचंही आयुष्य तेवढंच. ढोलावर मिक फ्लीटवूड, गिटारवर पीटर ग्रीन. दोघांनी १९६७मध्ये फ्लीटवूड मॅक उभं केलं. ऑर्गनवर पीटर बार्डेन्स. त्यांनी पुढे ‘कॅमल’च्या उभारणीत हात घातला. बेसवाले डेव्ह अँब्रोज ध्वनिमुद्रण कंपनीत अधिकारी झाले आणि ड्युरान ड्युरानला करारबद्ध करून आले. म्हणजे बेस वाजवणाऱ्यालाही मोक्ष आहे. फक्त त्यासाठी बेस सोडावा लागतो.

एवढे गुणी लोक एका ठिकाणी असताना ते बँड टिकत का नव्हते? लोक भांडणं सांगतात, पैसे सांगतात. रात्रीच्या मिळकतीचे सात भाग केले की पेट्रोल आणि एक वेळचं जेवण उरतं, हे खरंच. पण खरं कारण गाण्यांत आहे. ही सगळी मंडळी दुसऱ्यांची गाणी गात होती. शिकागोची, डेट्रॉइटची, मेम्फिसची. लंडनच्या तळघरांत त्यांची रोज रात्री घोकंपट्टी चालू होती आणि लोक त्या घोकंपट्टीला तिकीट काढून येत होते. ज्याला त्यातून स्वतःचं गाणं सापडलं तो उठून गेला. जो उठला नाही त्याला सापडलं नव्हतं. जॉनरावांना ते शोधायची घाईच नव्हती. त्यांचा जीव दुसऱ्यांच्या गाण्यांवर होता. ब्लूजचे उस्ताद मडी वॉटर्स हे असं म्हणतात, ते ऐका. लेडबेली हे तसं वाजवत, ते बघा. आणि हो, तो स्टेशनावरचा पोरगा काय वाजवतो, तेही ऐका. दुसऱ्याचं ऐकायचा कान एवढा मोठा असला की त्यातच माणूस कायमचा मुक्कामाला जातो. हीच त्यांची विद्या, आणि याच विद्येनं त्यांना यजमान करून ठेवलं.

स्टीमपॅकेट सोडल्यावर जॉनरावांनी ‘ब्लूजॉलॉजी’ नावाचा बँड पदरी घेतला. त्यात ऑर्गनवर एक गुटगुटीत, लाजाळू मुलगा होता, रेजिनाल्ड ड्वाइट, लंडनजवळच्या पिनरचा. कोणी त्याला गाऊ देत नव्हतं आणि तो कोणाला तसं सांगत नव्हता. इतक्यात १९६७च्या नोव्हेंबरात आक्रीत घडलं. जॉनराव स्वतःच गाजले.

आणि कशानं गाजले? ब्लूजनं नव्हे. ‘लेट द हार्टएक्स बिगिन’ नावाच्या, व्हायोलिनांच्या लाटांवर तरंगणाऱ्या, डोळ्यांना पदर लावायला लावणाऱ्या गाण्यानं. गाणं इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलं. ते लिहिणाऱ्या जोडीचंच दुसरं गाणं त्याआधी पहिलं होतं. त्याला याने खाली ढकललं. इतकी वर्षं तळघरात वाकून मिसिसिपीची सेवा केली, आणि लक्ष्मी आली ती रुमाल घेऊन. जुने ब्लूजवाले चाहते तोंड फिरवून बसले. नवे चाहते रात्रीच्या जेवणाच्या क्लबांतले. ते काट्याचमच्यानं कोंबडी सोडवता सोडवता गाणं ऐकत. मागे ऑर्गनवर बसून ते दृश्य बघणाऱ्या रेजिनाल्डनं ठरवलं की आयुष्यात दुसरं काहीही करावं, पण हे नको.

नोकरी सोडताना त्याला नाव बदलायचं होतं; रेजिनाल्ड ड्वाइट या नावाला लोक टाळ्या वाजवतील हे कठीण. त्यानं बँडमधला सॅक्सोफोनवाला एल्टन डीन याचं पहिलं नाव उचललं, जॉनरावांचं ‘जॉन’ उचललं, आणि एल्टन जॉन झाला. पगार देणारे मालक बरेच असतात. जाताना नावही घेऊन जा म्हणणारा विरळा.

तसा नावांचा जॉनरावांना शौकच. मित्रमंडळींत सगळ्यांना त्यांनी बायकी नावं ठेवली होती. स्वतः एडा. रॉड म्हणजे फिलिस. एल्टन म्हणजे शॅरन. पुढे हे दोघं जगातले बडे गायक झाले, मैदानंच्या मैदानं भरू लागली, आणि म्हातारपणीही एकमेकांना फिलिस आणि शॅरन म्हणून चिडवत राहिले.

या थट्टेच्या खाली एक गंभीर गोष्ट होती. जॉनराव समलिंगी होते, आणि इंग्लंडात पुरुषांमधले असे संबंध १९६७पर्यंत गुन्हा होते. पोलिसाच्या या मुलानं ते मित्रांपासून लपवलं नाही. त्यामुळे १९६८मध्ये, एल्टनचं लग्न ठरलेलं असताना आणि तो त्यापायी आतून पार कोलमडलेला असताना, त्याला खरं सांगू शकेल असा माणूस एकच होता. क्लबात बसल्या बसल्या, ओतलेला पेला संपायच्या आत, जॉनरावांनी त्याला साफ सांगितलं की हे लग्न करशील तर दोन आयुष्यांची माती करशील. लग्न मोडलं. हयातभर मांडव घालणाऱ्या माणसानं एक मांडव उखडला, आणि नेमकं त्याचंच गाणं झालं. १९७५चं ‘समवन सेव्हड माय लाइफ टुनाइट’ त्या रात्रीवर आहे.

पोरं कृतघ्न नव्हती. १९७१मध्ये जॉनरावांची ‘इट एन्ट ईझी’ ही तबकडी निघाली. तिची एक बाजू रॉड स्टुअर्टनं सिद्ध केली आणि दुसरी एल्टन जॉननं. शिष्यांनी गुरूला अर्धा अर्धा वाटून घेतला. तबकडी बरी गेली, पण त्याच वर्षी रॉडचं ‘मॅगी मे’ अटलांटिकच्या दोन्ही काठांवर पहिलं आलं. त्या गाण्यात ढोल आहे तो आपल्या मिकी वॉलरचा. गडी ध्वनिमुद्रणाला आला तो झांजा न घेताच. ढोल तसाच वाजवून घेतला आणि झांजा नंतर वेगळ्या वाजवून गाण्यात बसवल्या. स्टीमपॅकेटमध्ये वर्षभर दोनशे किलोंचा ऑर्गन उचलणाऱ्यांत राहिल्यावर कोणालाही वाटेल, की वाद्यं आणायची ती दुसऱ्यांनी.

बाकीच्यांचंही बरं झालं. ऑगर आणि ज्युली यांनी १९६८मध्ये ‘धिस व्हील्स ऑन फायर’ गाजवलं, आणि ज्युलीचा चेहरा साऱ्या मासिकांत झळकला. तिला ते झळकणं आवडेना. ती उठली आणि ज्याला चाल असते की नाही यावर वाद घालता येईल अशा मुक्त जॅझकडे निघून गेली. कीर्ती मिळवून टाकून देणारी त्या बँडमधली ती एकटीच. गिटारवाले व्हिक ब्रिग्ज ॲनिमल्स या बँडबरोबर अमेरिकेला गेले, पुढे शीख झाले, विक्रम सिंग नाव घेतलं, आणि अमृतसरच्या सुवर्णमंदिरात कीर्तन गाऊन आले. लंडनच्या तळघरात निघालेली आगबोट कुठे लागेल ते सांगता येत नाही, हे खरं.

जॉनराव १९७०च्या दशकाच्या शेवटी उत्तर अमेरिकेत गेले आणि अखेर कॅनडात व्हँकुव्हरला स्थायिक झाले. तिथे त्यांना ब्लूज गायला मोकळीक होती, ओळखपाळख कमी होती आणि छतं उंच होती. १९९३मध्ये त्यांना पुन्हा अफाट श्रोतृवर्ग मिळाला. ‘सॉनिक’ या मुलांच्या कार्टून मालिकेतला खलनायक डॉक्टर रोबॉटनिक बोलतो तो जॉनरावांच्या आवाजात. पासष्ट भागांत एक अंड्यासारखा गोल शास्त्रज्ञ एका निळ्या हेजहॉगपुढे दर वेळी हरतो आणि दर वेळी भारदस्त इंग्रजीत चरफडतो. ज्या पोरांना रॉड स्टुअर्ट कोण ते ठाऊक नव्हतं, ती पोरं जॉनरावांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करत. १९९७मध्ये ब्लूजच्या तबकडीसाठी कॅनडाचं जूनो पारितोषिकही मिळालं.  २००५च्या जुलैत व्हँकुव्हरमध्ये ते गेले.

जॉनरावांची कीव करायची गरज नाही. कीव करायला माणसाचं काहीतरी हरवलेलं लागतं. यांनी जे शोधलं ते सगळं सापडलं: फलाटावर रॉड, ऑर्गनवर एल्टन, मध्यंतरात स्टोन्स. स्वतःला शोधायला ते गेलेच नाहीत, आणि एकदा चुकून सापडले तर पहिल्या क्रमांकावर. आजही जिथे चार पोरं वाद्यं जुळवून दुसऱ्यांची गाणी घोकत असतील, तिथे एक असा माणूस असतो. गाडीचं पेट्रोल तो टाकतो, गाणाऱ्याचा घसा तो सांभाळतो, आणि सगळ्यांच्या घरी फोन तोच करतो. पुढे कोण गाजेल ते सांगता येत नाही, पण हा कोण ते फोटो काढताना कळतं. तो आपणहून मागच्या रांगेत जातो. जॉनरावांच्या बाबतीत तर त्यात नम्रताही नव्हती. ते पुढे उभे राहिले असते तर स्टीमपॅकेटचे बाकीचे सहा जण फोटोत आलेच नसते.